जर्मनी, मार्गे प्लेनो

दर सहाव्या रविवारी संध्याकाळी माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली असते. पाटीवर लाल रंगात, शाळामास्तरी अक्षरात लिहिलंय : 'या आठवड्यात केर तुमचा.' खाली तेच जर्मनमध्ये. इंग्रजीत काही नाही. आमच्या ओळीत सहा घरं आहेत. त्यांतल्या दोन घरांत मराठी कळतं, जर्मन एकाही घरात कळत नाही, तरीही दाराला पाटी लागली की माणूस मुकाट्याने झाडू काढतो. कोपऱ्यावरचा बॉबसुद्धा काढतो. आता हे गाव म्हणजे टेक्ससमधलं प्लेनो. इथे गराजमध्ये तीन-तीन गाड्या सापडतील, पण झाडू शोधायला अर्धा तास लागेल. अशा ठिकाणी ही पद्धत सहा महिन्यांत रुजवून जो माणूस निघून गेला, ते आमचे निमकर काका.

काका म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मृणालचे वडील. पुण्यातल्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं जर्मन शिकवून निवृत्त झालेले. इकडे सगळ्यांचेच आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. पहिला महिना जेट लॅगमध्ये आणि कॉस्टकोचं अवाढव्य दुकान बघण्यात जातो, दुसऱ्यात इथल्या वांग्यांना चव नाही हे सिद्ध होतं, आणि तिसऱ्यापासून परतीची तारीख मोजणं सुरू होतं. निमकर काका यातलं काहीच करत नव्हते. सत्तरी ओलांडलेला, छडीसारखा ताठ माणूस, बाहेर रस्त्यावर डांबर वितळत असताना अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. कारण विचारलं तर म्हणायचे, "बाहेरच्या हवेचा भरवसा आहे, तुमच्या एसीचा नाही."

मृणालने माझी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या नावात काडीचा रस दाखवला नाही.

"गाव?"

"नागपूर."

"जंक्शन!" त्यांनी पसंतीची मान हलवली. "चारी दिशांना गाड्या जातात. उत्तम."

त्या दिवसापासून मी नागपूर झालो. माझी बायको अकोला, आणि खुद्द त्यांचा जावई मिरज. माणसाचं नाव ते विसरत, त्याचं स्टेशन कधी विसरत नसत. आम्ही विदर्भातली माणसं. पुणेकराकडून कौतुक ऐकायची सवय नसते, त्यामुळे जंक्शन म्हटल्याचं मला उगाच बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

पाटीची गोष्ट ते आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली. आमच्या घरांच्या मागे गाड्या आत घ्यायला एक सामाईक गल्ली आहे. तिथे वाळकी पानं, कॉफीचे कप आणि डिलिव्हरीच्या खोक्यांची चिकटपट्टी असा सगळा संसार पसरलेला असे. काकांनी मृणालला विचारलं, "हे कोण झाडतं?"

"असोसिएशनचा माणूस येतो ना बाबा. मंथली. ब्लोअर घेऊन."

"काय करतो?"

"पानं उडवतो."

"कुठे?"

"तिकडे." मृणालने हाताने शेजारच्या ओळीकडे दाखवलं.

"आणि तिकडचा माणूस?"

अकरा वर्षं या घरात राहून हा प्रश्न आम्हां कोणालाच पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी काका आंब्याच्या खोक्याचं झाकण घासत अंगणात बसले होते. मला म्हणाले, "नागपूर, जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला इमारतींमध्ये अशी एक पाटी असते. ज्याच्या दाराला पाटी, त्याने तो आठवडा जिना आणि अंगण झाडायचं. रविवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दाराला. कुणी कुणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. आणि गंमत म्हणजे झाडण्याला त्यांचाही शब्द केरसारखाच आहे. आपलीच माणसं रे ती!"

पहिला आठवडा त्यांनी स्वतःच्या दाराला पाटी लावली आणि सात दिवस सकाळी सातच्या ठोक्याला गल्ली झाडली. दुसऱ्या रविवारी पाटी माझ्या दाराला आली. मी सोमवारी मीटिंगा आहेत म्हणून टाळलं. मंगळवारी सकाळी काका माझ्या गराजसमोर येऊन नुसते उभे राहिले. रागावले नाहीत, बोलले नाहीत. घड्याळ बघत होते. मी ऑफिसचा कॉल अर्धवट सोडून झाडू आणायला दुकानात गेलो.

घड्याळ हा त्यांचा खरा दागिना होता. पाडव्याला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, निमंत्रणात चारची वेळ. आम्ही सगळे रीतीप्रमाणे साडेपाचला पोचलो. काका जावयाला गाडी काढायला लावून चारला पाच कमी असताना हॉलवर हजर होते. हॉलला कुलूप. ते पायरीवर बसले. पावणेपाचला साफसफाईवाल्याने दार उघडलं, तेव्हा आत जाऊन पहिल्या रांगेत एकटे बसले. सव्वापाचला अध्यक्ष घामाघूम होत गुढी घेऊन आले आणि म्हणाले, "अरे वा काका, तुम्ही फार लवकर आलात!"

"नाही," काका म्हणाले, "मी चारला आलो."

मंडळात अजूनही कुणाला उशीर झाला की हे वाक्य म्हणतात. मूळचं कुणाचं ते नव्या लोकांना माहीत नाही.

या सगळ्या वक्तशीरपणाच्या मुळाशी एक पुस्तक होतं. जर्मन रेल्वेचं वेळापत्रक. विटेएवढं जाड, पिवळं पडलेलं, कणा दोनदा शिवलेला. फार वर्षांपूर्वी पुण्यात एका रद्दीच्या दुकानात त्यांना ते मिळालं होतं. ते इतकं जुनं, की त्यात जर्मनी अजून दोन होत्या आणि काही गाड्या सरहद्दीपाशी येऊन थांबत होत्या. "माझ्या पुस्तकात भिंत अजून उभी आहे," असं ते गंभीरपणे सांगत. इतर लोक सकाळी पेपर वाचतात, काका एखादा प्रवास करत. चहाचा कप घेऊन हाम्बुर्गहून निघायचं, हानोफरला गाडी बदलायची, तिथे अकरा मिनिटं मिळतात तेवढ्यात चहा संपवायचा, आणि आंघोळीच्या वेळेपर्यंत म्युनिक गाठायचं. वर्गातही ते असंच शिकवत. परीक्षेत प्रश्न असायचा, 'तुमची गाडी चुकली आहे. स्टेशनमास्तरशी बोला.' त्यांचे निम्मे विद्यार्थी आज जर्मनीत आहेत आणि म्हणे तिथल्या गाड्या आता बऱ्याच उशिरा येतात. काका ही बातमी ऐकून घेत नसत.

एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना माझ्या बायकोने सहज विचारलं, "काका, तुम्ही जर्मनीत कुठे होतात?"

काकांनी वरणात भात कालवला. पुन्हा कालवला. मृणालने मला पायाने खुणावलं, पण पाय लागला मिरजेच्या.

"कुठेच नाही," काका म्हणाले. "मी कधी गेलोच नाही."

मग त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदा शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले. दुसऱ्यांदा कॉलेजची तुकडी जायची होती, तर तिच्याबरोबर प्राचार्य गेले. त्यांना जर्मनमधलं 'नमस्कार'सुद्धा येत नव्हतं, पण त्यांचा थंडीचा कोट शिवून तयार होता. तिसऱ्यांदा, निवृत्तीनंतर, स्वतःच्या पैशाने दोन तिकिटं काढली, काकूंचं आणि स्वतःचं. काकू आजारी पडल्या त्या उठल्या नाहीत. "आता एकट्याने जाऊन मी काय करू?" काका म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

पण न जाण्याचं दुःख त्यांना फारसं नव्हतं. दुःख होतं ते वेगळंच. पुण्यात जर्मन माणसं येत, कंपन्यांत, कॉलेजांत. काका त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलत आणि समोरून हमखास उत्तर येई ते इंग्रजीत. एका पाहुण्याच्या स्वागताला त्यांनी दहा मिनिटं जर्मनमध्ये भाषण केलं. रात्ररात्र बसून लिहिलेलं. पाहुणा उठून हस्तांदोलन करत म्हणाला, "तुमच्या देशातली माणसं इंग्रजी किती सुंदर बोलतात!"

"त्यांना वाटायचं, म्हातारा उगाच कष्ट घेतोय, आपण सोपं करावं," काका म्हणाले. "चांगुलपणाच तो. पण नागपूर, पस्तीस वर्षांत एकाही जर्मन माणसाने मला जर्मनमध्ये उत्तर दिलेलं नाही. कधी कधी शंका येते. मी शिकवली ती भाषा खरंच कुठे बोलतात, की मीच घरात बसून रचली?"

हसण्यासारखं काही नव्हतं, पण मिरजेला ठसका लागला आणि विषय तिथेच राहिला.

आणि सगळ्यात वर फ्रँकफुर्ट. इकडे येताना त्यांचं विमान फ्रँकफुर्टला चार तास थांबलं होतं. म्हणजे काका जर्मनीच्या जमिनीवर चार तास होते. पण मृणालने केलं काय, तर आपण सगळे करतो तेच. वडील धडधाकट, रोज पर्वती चढणारे, तरी तिकिटावर व्हीलचेअर घालून टाकली. एअरपोर्टवर म्हातारी माणसं चुकतात, चेअर असली की माणूस बरोबर राहतो, रांग लागत नाही, हे आपलं ठरलेलं शास्त्र. त्यामुळे विमानाच्या दारातच काकांना चेअरमध्ये बसवण्यात आलं. ढकलणारा पोरगा निघाला जालंधरचा.

"मी त्याला जर्मनमध्ये म्हटलं, आपला आभारी आहे, मी चालू शकतो. तर तो म्हणाला, अंकलजी, आराम से बैठो."

चार तास त्याने काकांना हलू दिलं नाही. कॉफी आणून दिली, ती हिंदीत. बाथरूमला नेलं, तेही हिंदीत. शेवटी विमानात चढवताना पाया पडला. काचेतून काकांना जी जर्मनी दिसली, ती म्हणजे सामानाच्या गाड्या आणि एक पिवळा ट्रक. "पोरगा गुणी होता," काका म्हणत, "पण त्याने माझं वाटोळं केलं."

मृणाल हे ऐकून दर वेळी रडवेली होई. "बाबा, मला कुठे माहीत होतं!" आणि काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "तुझी काही चूक नाही. मी उठायला हवं होतं."

इथून पुढची गोष्ट सुरू झाली ती बॉबच्या लॉनमोअरमुळे. बॉब आमच्या ओळीतला सर्वांत जुना रहिवासी, निवृत्त, कायम टोपी. गवत कापायचा त्याचा दिवस रविवार. जर्मनीत रविवारी यंत्र चालवायला बंदी असते, कारण तो शांततेचा दिवस. काकांनी तीन रविवार सहन केलं. चौथ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते बॉबकडे निघाले.

"बाबा, प्लीज! हे टेक्सस आहे. असं कोणाच्या लॉनवर जायचं नसतं!" मृणाल मागे धावली. तिच्या मागे मी.

पोचेपर्यंत काका बोलून चुकले होते. बॉबने मोअर बंद केला, टोपी मागे सरकवली आणि विचारलं, "हा नियम इथल्या असोसिएशनचा आहे?"

"नाही," काका म्हणाले, "जर्मनीचा."

बॉब जो हसत सुटला, तो त्याला मोअरचा आधार घ्यावा लागला. म्हणाला, "माझी आजी अगदी हेच सांगायची! रविवारी सुई-दोरासुद्धा हातात घेऊ द्यायची नाही." बॉबच्या आईकडची सगळी मंडळी जर्मन निघाली. सहा पिढ्यांपूर्वी टेक्ससच्या डोंगराळ भागात, फ्रेडरिक्सबर्गकडे येऊन वसलेली. बॉबला स्वतःला सॉसेजचे चार प्रकार सोडले तर एक जर्मन शब्द येत नव्हता. "पण माझी एल्सी मावशी आहे ना तिकडे," तो म्हणाला. "ब्याण्णव वर्षांची. ती अजून बोलते. मात्र तिच्याशी बोलायला कोणी उरलं नाही. आम्ही सगळे इंग्रजीतच उत्तरं देतो."

काकांनी डोळे मिटून घेतले. मग मला म्हणाले, "नागपूर, शनिवारी तुला काम आहे?"

काम होतं, पण नाही म्हटलं.

शनिवारी सकाळी सहाला निघायचं ठरलं. सहाला पाच कमी असताना काका थालीपिठांचा डबा आणि वेळापत्रक घेऊन माझ्या गाडीशी उभे होते. बॉब पुढे त्याच्या ट्रकमध्ये, आम्ही मागे. पाच तासांचा हायवे. काकांनी आदल्या दिवशी या प्रवासाचंही वेळापत्रक करून ठेवलं होतं. प्रत्येक गाव आलं की जाहीर करत, "वेको. तीन मिनिटं उशीर." ऑस्टिनच्या ट्रॅफिकमध्ये बावीस मिनिटं गेली, तेव्हा त्यांनी अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं, की मी सॉरी म्हणालो.

मधल्या वेळात टेक्ससच्या जर्मनांचा इतिहास. तो त्यांनी मृणालच्या लायब्ररी कार्डावर पाच पुस्तकं आणून चार दिवसांत संपवला होता.

"तिकडच्या काही सरदारांनी एकत्र येऊन इथली जमीन घेतली. कशी? न बघता!"

"म्हणजे आम्ही तळेगावला प्लॉट घेतो तशी."

"तशीच. कागदावर नदी होती, प्रत्यक्षात दगड. हजारो माणसं बंदरावर येऊन पडली, पुढे न्यायला गाड्या नाहीत, साथ आली, वाटेत माणसं मेली. उरले त्यांनी गाव बांधलं. काही तर फारच शिकलेले. दिवसा नांगर धरायचा आणि संध्याकाळी लॅटिन बोलायचं. पिकं गेली, ग्रंथालयं राहिली."

मला आमच्या ओळीतला मिरज आठवला. आयटीतला आर्किटेक्ट, मागच्या अंगणात कढीपत्ता लावतो आणि दर डिसेंबरात तो मरतो.

"आणि गावात चार डोकी जमली की पहिलं काम कोणतं?" काका विचारत होते. "गाण्याचं मंडळ! घटना, अध्यक्ष, सचिव. मग भांडण. मग त्याच गल्लीत दुसरं मंडळ."

"काका, हे सगळं आपलंच चाललंय."

"म्हणून तर ही माणसं मला कधी परकी वाटली नाहीत," काका म्हणाले.

ऑस्टिन मागे पडल्यावर मात्र ते बोलायचे थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तोंडपरीक्षेला निघालेल्या मुलासारखे तळहात पँटला पुसत होते. एकदा म्हणाले, "नागपूर, तीही इंग्रजीत बोलली तर?"

मी म्हटलं, "काका, काहीही काय बोलून राहिले तुम्ही! ब्याण्णव वर्षांची बाई आहे. बोलेल ना!" पण मलाही धास्ती वाटायला लागली होती. त्या सबंध रस्त्यावर, मला वाटतं, मी पहिल्यांदाच कोणासाठी तरी मनापासून काही मागितलं.

एल्सी मावशीचं घर गावात होतं. दोन खोल्या, वर चढायला बाहेरून जिना. पूर्वी लांबच्या शेतांवरची माणसं शनिवारी गावात यायची, बाजार करायची, रविवारी चर्च उरकून परत जायची. त्या एका मुक्कामापुरती बांधलेली ही घरं. आता बहुतेकांत पर्यटक राहतात. मावशी मात्र स्वतः राहत होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या चर्चचा निळा झगा आणि मोत्यांची माळ घालून व्हरांड्यात बसल्या होत्या. काठी गुडघ्यांवर आडवी.

काका पायऱ्या चढले. ताठ उभे राहिले. तोंड उघडलं. आणि पस्तीस वर्षांची तपश्चर्या पणाला लागली असताना त्यांच्या तोंडून आलं, "गुड मॉर्निंग मॅडम. हाउ आर यू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. काकांचा चेहरा पडला होता, अगदी पेपर कोरा दिलेल्या मुलाचा.

एल्सी मावशीने उत्तर दिलं नाही. त्यांनी हाताची घडी घातली, मान किंचित तिरकी केली आणि वाट बघत बसल्या. बॉब माझ्या कानात पुटपुटला, "आम्हां सगळ्यांना अशीच वागवते. लहानपणी इंग्रजीत पाणी मागितलं तर मिळायचं नाही."

व्हरांड्यात घड्याळ टिकटिकत होतं. शेवटी काकांनी घसा खाकरला आणि एक लांबलचक जर्मन वाक्य बोलले. ते संपलं. मावशीने घडी सोडली, शेजारच्या खुर्चीवर थाप मारली आणि उत्तर दिलं.

जर्मनमध्ये.

काका बसले नाहीत, खुर्चीत कोसळले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. मलाही जरा इकडेतिकडे बघावं लागलं.

पुढचे चार तास मी आणि बॉब नुसते होतो. आम्हांला एक अक्षर कळत नव्हतं. काय बोलणं झालं ते काकांनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. मावशीने पहिलं काय विचारलं, तर तुम्ही पाद्री आहात का? कारण असं स्वच्छ, पुस्तकी जर्मन त्यांनी लहानपणी फक्त चर्चमध्ये ऐकलं होतं. घरात बोलायचे ते वेगळं, अर्धं शेतातलं, अर्धं टेक्ससचं. मग विचारलं, गाव कुठलं? काका म्हणाले, पुणे. ते हानोफरच्या जवळ आहे का? थोडं पुढे, काका म्हणाले.

मावशी शाळेत होत्या ते महायुद्धाचे दिवस. वर्गात जर्मन शब्द तोंडातून निघाला की बाई बाहेर उभं करायच्या. काकांनी हे ऐकून कान पकडले. "मी म्हटलं, मावशी, वर्गात जर्मन न बोलणाऱ्यांना मी बाहेर उभं करत होतो. त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, तुमच्या वर्गात मी पहिली आले असते."

जेवण आलं. काका शाकाहारी. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांस आहे का, असं त्यांनी अदबीने विचारलं. छे, अजिबात नाही, मावशी म्हणाल्या, फक्त बेकन आहे. काकांनी ब्रेड आणि काकडीचं लोणचं खाल्लं. मावशीने थालीपीठ खाल्लं, दुसरं मागून घेतलं, आणि त्यावर पीचचा मुरंबा लावला. एरवी असा अत्याचार काकांनी सहन केला नसता.

जेवणानंतर काकांनी वेळापत्रक टेबलावर ठेवलं. मावशीही कधी जर्मनीला गेल्या नव्हत्या. त्यांच्या आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कोणीच नाही. पण पूर्वज निघाले त्या खेड्याचं नाव घरात पाठ होतं, फ्रँकफुर्टच्या उत्तरेला कुठेतरी. काकांनी भिंग काढलं. पानं उलटली. दोन पांढरी डोकी त्या पिवळ्या पुस्तकावर वाकली. काका बोटाने रेषा ओढत होते, मावशी मान हलवत होत्या. मध्येच काकांनी बोट थांबवलं आणि दोघंही गप्प बसून राहिली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"लिंबुर्गला गाडी बदलायची आहे. सोळा मिनिटं थांबायचंय," काका म्हणाले.

मी फोनवर बघितलं. त्या खेड्याला जाणारी रेल्वे कधीच बंद पडली होती. मी हळूच म्हटलं, "काका, ही लाइन आता नाहीये."

"पुस्तकात आहे," काका म्हणाले, आणि सोळा मिनिटं झाल्यावर पुढच्या गाडीत बसले. चार वाजून सात मिनिटांनी त्यांनी पुस्तक मिटलं, मावशीकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाले. मावशीने तो त्यांच्यामागून म्हटला. तो मात्र मला न सांगताच कळला. पोचलो.

निघताना काकांनी वेळापत्रक टेबलावरच ठेवलं. मी उचलायला गेलो तर माझा हात धरला. "राहू दे. आता त्यांनाही जाता येईल."

महिन्याभराने काका परत निघाले. शेवटच्या रविवारी त्यांनी गल्ली झाडली, पाटी माझ्या दाराला लावली आणि सोमवारी आम्ही त्यांना डॅलसच्या एअरपोर्टवर सोडलं. मृणालने घाबरत घाबरत सांगितलं, "बाबा, व्हीलचेअर कॅन्सल नाही केली मी. फ्रँकफुर्टला कनेक्शन आहे, उगाच रिस्क नको." काका म्हणाले, "छान केलंस." मग चेअर आली तेव्हा त्यांनी आपली बॅग तिच्यात बसवली, तिला पट्टा लावला आणि स्वतः शेजारून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी इंडिया टीमच्या कॉलसाठी उठलो होतो. फोन वाजला. व्हिडिओ कॉल, काकांचा. मृणालचा फोन लागत नव्हता म्हणून मला. स्क्रीनवर फक्त कपाळ आणि त्याच्या वर फ्रँकफुर्ट विमानतळाचं छत.

"नागपूर, दिसतंय ना? बोलू नकोस. नुसता बघ."

दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. कॉफीच्या यंत्राचा फसफस आवाज. काकांचं जर्मन वाक्य, ठणठणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. मग एका मुलीचा आवाज, गोड, घाईचा, इंग्रजीत : शुअर, एनिथिंग एल्स?

छत हललं. फोन बहुधा काउंटरवर ठेवला गेला, कारण आता मला काका कमरेपासून वर दिसायला लागले. त्यांनी हाताची घडी घातली होती. मान किंचित तिरकी. अगदी एल्सी मावशी.

मागे रांग होती. कोणीतरी खोकलं. माझ्या लॅपटॉपवर पुण्याची टीम 'हॅलो, आवाज येतोय का' करत होती, मी तिला म्यूट केलं. काका हलले नाहीत. मुलीने इंग्रजीत पुन्हा काहीतरी विचारलं. काका तसेच. मग ती हसली. आणि बोलायला लागली, भरभर, काकांच्या भाषेत, आणि काका उत्तर देऊ लागले, आणि रांगेतला कुणीतरी मधेच काही म्हणाला, त्यालाही उत्तर मिळालं, आणि सगळे हसले.

काकांनी फोन उचलला. परत कपाळ.

"तिने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, टेक्ससहून. आमच्याकडे सगळे असंच बोलतात."

"काका!" पहाटेचे पाच विसरून मी ओरडलो.

"पोचलो रे, नागपूर. तीस वर्षं उशीर, पण पोचलो."

मग फोन त्यांच्या हातात कलला आणि मला त्यांचे बूट दिसले, चालणारे, आणि बाजूने सरकणारी व्हीलचेअर. तिच्यात पट्टा लावून बॅग बसली होती, आणि बॅगेवर कॉफीचा कप होता.